भिंतीत साठवलेले ऊन

लेहच्या विमानतळावर विमान टेकता टेकता वैमानिकाने बाहेरचे तापमान उणे सात अंश असल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, जणू ते उणे सात अंश मीच मंजूर केले होते. मार्चचा पहिला आठवडा होता. पर्यटक या दिवसांत लडाखला फारसे जात नाहीत. जर्दाळूची झाडे अजून काटक्यांसारखी उभी असतात, झोजी ला घाटावर बर्फ असतो, निम्मी हॉटेले बंद असतात. आम्ही गेलो होतो ते एका जुन्या खात्याची पाहणी करायला.

खाते असे होते. चार वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या गावातली बारा-तेरा व्यापारी कुटुंबे मिळून लडाखच्या सहलीला गेली होती. सिंधूकाठच्या एका खेड्यात चहाला थांबलो असताना शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक भेटले. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की, आत्ता तुम्हाला सगळे रम्य दिसते आहे, पण नोव्हेंबरात या; मुले हातमोजे घालून लिहितात आणि पेन चालावे म्हणून आधी ते तळहातात धरून गरम करतात. आमच्या मंडळींचे मन द्रवले. गावी परतल्यावर वर्गणी जमली आणि रॉकेलवर चालणारे सहा हीटर खरेदी करून शाळेला पाठवले गेले. प्रत्येक हीटरवर दात्याच्या नावाची पितळी पट्टी होती. आभाराचे पत्र आले, छायाचित्र आले, आणि वसूल झालेल्या कर्जासारखे आम्ही ते खाते मनातून बंद केले.

यंदा त्याच धर्तीवर आणखी दोन शाळांना हीटर पाठवावेत असे ठरले. रक्कम जमा झाली. दात्यांना उद्देशून निवेदन लिहिण्याचे काम, निवृत्त आणि रिकामा म्हणून, माझ्याकडे आले. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कर्ज मंजूर करताना तो जितका सावध असतो, त्याहून अधिक वाटपानंतरच्या पाहणीबद्दल असतो. यंत्र खरेच आले का, आले तर चालते का, की गोदामात पडून आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता द्यायचा नाही, असा आमचा शिरस्ता. मी म्हटले, निवेदन लिहितो, पण आधी पहिले हीटर पाहून येतो. खर्च माझा.

पहिले दोन दिवस खोलीत पडून काढले. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला श्वासागणिक जितका प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच इथे मिळतो. दोन जिने चढले तरी छाती भात्यासारखी चालते. खोलीत लाकडावर पेटणारी बुखारी होती, म्हणजे पत्र्याची चूल आणि तिचे छतातून बाहेर गेलेले धुराडे. तिच्यासमोर बसले की गुडघे भाजायचे आणि पाठ मात्र गारठलेलीच. रात्री दहाला ती विझायची. पहाटे तीनला खोली आणि अंगण यांत काही अंतर उरत नसे. आम्ही दोघे रजयांखाली पडून या साध्या गोष्टीचा विचार करत होतो की, एवढी जळालेली लाकडे शेवटी गेली कुठे?

तिसऱ्या दिवशी त्या शाळेत गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. ऊन लख्ख होते आणि शाळेचे तीन वर्ग अंगणात, उन्हात, सतरंज्यांवर भरले होते. मला वाटले, हवापालट म्हणून मुलांना बाहेर आणले असेल. मुख्याध्यापक हसून “जुले” म्हणाले आणि आम्हाला आत घेऊन गेले. वर्गात पाऊल टाकताच उत्तर मिळाले. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर पत्रा, एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्या. शिवाय इमारतीचे तोंड रस्त्याकडे असावे म्हणून वर्गांच्या सगळ्या खिडक्या उत्तरेला, आणि दक्षिणेला लांबच लांब व्हरांडा. दिवसभराचे ऊन त्या व्हरांड्यात, जिथे कोणी बसत नाही तिथे, फुकट सांडत होते. मुले सावलीच्या बाजूला.

आणि आमचे हीटर? मुख्याध्यापकांनी थोडे संकोचून कोठीचे कुलूप काढले. सहाही तिथे एकावर एक रचलेले होते. दोघांवरचे प्लास्टिकचे आवरणसुद्धा निघाले नव्हते. पितळी पट्ट्या मात्र पुसून ठेवलेल्या दिसल्या; बहुधा आम्ही येणार म्हणून. आपल्याकडच्या शाळांत जड वस्तू संग्रह नोंदवही असते, तशी त्यांच्याकडेही होती. तिच्यात सहाही नोंदी व्यवस्थित होत्या, तारखेसह, किमतीसह.

चहा आला, लोणी-मीठ घातलेला. मग त्यांनी सांगितले. पहिल्या हिवाळ्यात हीटर तीन आठवडे चालले. एका हीटरला दिवसभरात दीड लिटरच्या आसपास रॉकेल लागायचे; सहांना मिळून रोज नऊ लिटर. शाळेच्या वार्षिक अनुदानात त्याची तरतूदच नव्हती. शिक्षकांनी पदरमोड केली, पालकांनी थोडे दिले, मग संपले. शिवाय बंद खोलीत रॉकेल जळू लागले की मुलांची डोकी दुखायची. म्हणून खिडकी उघडायची, आणि खिडकी उघडली की केलेली ऊब मिनिटभरात बाहेर. “तुम्ही आम्हाला गाय दिलीत,” ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, “चारा दिला नाहीत. चूक आमचीही आहे. आम्ही तेव्हा बोललो नाही. देणाऱ्याला नाही कसे म्हणायचे?”

मी एम. कॉम. झालेला माणूस. भांडवली खर्च आणि खेळते भांडवल यांतला फरक मी शेकडो कर्जदारांना समजावून सांगितला आहे. कारखानदार यंत्रासाठी कर्ज मागायला आला की, आमचा पहिला प्रश्न असे, कच्चा माल कशातून घेणार? तो प्रश्न चार वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत मी विचारला नव्हता. वर्गणीच्या यादीत माझेही नाव होते आणि त्या सहा पट्ट्यांपैकी एकीवर माझ्या वडिलांचे.

निघताना मुख्याध्यापक म्हणाले, “साहेब, आता आलाच आहात, तर शे आणि फे या दोन ठिकाणच्या शाळा बघून या. मग आपण बोलू.”

शे हे लेहपासून सिंधूच्या वरच्या अंगाला, थिकसेच्या वाटेवर आहे. लडाखच्या राजांची ही जुनी राजधानी. इथली द्रुक पद्मा कार्पो शाळा आपल्या मुलानातवंडांना ‘३ इडियट्स’ या २००९ सालच्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. मुले त्या चित्रपटातली भिंत शोधत येतात. माझे लक्ष दुसऱ्याच भिंतीकडे होते. ही शाळा ग्यालवांग द्रुकपा यांच्या प्रेरणेने उभी राहिली. लंडनच्या अरूप या संस्थेच्या वास्तुविशारदांनी आणि अभियंत्यांनी तिचा आराखडा केला. २००१ साली तिचे पहिले वर्ग सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तिला जागतिक वास्तुकलेचे पुरस्कार मिळाले. २०१० सालच्या ऑगस्टमधल्या ढगफुटीत चिखलाचा लोंढा शाळेच्या आवारात शिरला होता. तो उपसून शाळा पुन्हा उभी राहिली.

प्रवेशापाशी परवानगी घेतली आणि आवारातल्या एका तरुण शिक्षिकेने आम्हाला फिरवले. वर्ग पाहताना पहिली गोष्ट जाणवली ती अशी की, इमारती थेट दक्षिणेला तोंड करून नाहीत. पूर्वेकडे तीसएक अंश वळलेल्या आहेत. कारण विचारले तर ती म्हणाली, “सर, वर्गाला ऊब सकाळी हवी. मुले सकाळी येतात.” खिडक्या मोठ्या आणि दुहेरी काचेच्या. सकाळचे ऊन सरळ वर्गात शिरते, जमिनीवर आणि भिंतींवर पडते आणि पहिल्या तासालाच खोली बसण्याजोगी होते.

वसतिगृहाची रचना मात्र निराळी. तिथे दक्षिणेकडच्या भिंतीला काळा रंग आहे, आणि त्या भिंतीसमोर चार बोटे जागा सोडून काच उभी केली आहे. पाहणाऱ्याला वाटावे, भिंतीला कोणी चौकटीत बसवले आहे. या भिंतीला ट्राँब भिंत म्हणतात. फेलिक्स ट्राँब या फ्रेंच अभियंत्याने १९६७ साली पिरेनीज पर्वतातल्या ओदेइयो गावी असे घर बांधून दाखवले, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेतल्या एडवर्ड मोर्स याने याच कल्पनेचे पेटंट १८८१ सालीच घेतले होते, पण नाव ट्राँबचे राहिले. काचेतून ऊन आत येते, काळ्या भिंतीत मुरते, आणि काचेमुळे ती उष्णता सहजासहजी बाहेर पळू शकत नाही. मग ती भिंतीतून हळूहळू आतल्या बाजूला सरकत जाते. बांधकामवाल्यांचा ढोबळ ठोकताळा असा की, एक इंच जाडी पार करायला साधारण एक तास. म्हणजे फूटभर जाडीच्या भिंतीवर दुपारी बाराला पडलेले ऊन मध्यरात्रीच्या सुमाराला मुलांच्या बिछान्यापाशी पोहोचते.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आमच्या व्यवसायात पैसा किती आहे याच्या इतकेच महत्त्व तो केव्हा हाती येणार याला असते. वर्गाला ऊब सकाळी हवी, म्हणून तिथे बचत खाते: ऊन आले की लगेच काढा. वसतिगृहाला रात्री हवी, म्हणून तिथे मुदत ठेव: दुपारी भरा, मध्यरात्री परत घ्या. मुदती इतक्या नेमक्या जुळवलेला ताळेबंद मी नोकरीतसुद्धा क्वचित पाहिला. सौभाग्यवतींनी हे ऐकून घेतले आणि भिंतीला हात लावून म्हणाल्या, “ठेव आहे खरी. गरम लागते.”

याच आवारात पाण्याशिवाय चालणारी स्वच्छतागृहे आहेत. तिथेही ऊन कामाला लावले आहे. उन्हाकडे तोंड केलेला काळा पृष्ठभाग तापतो, त्यामागची हवा हलकी होऊन वर चढते आणि दुर्गंधी वरच्या वर ओढून नेते. पंखा नाही, वीज नाही. पाणी मौल्यवान असलेल्या प्रदेशात ही गोष्ट लहान नव्हे.

फे लेहच्या दुसऱ्या बाजूला आहे, सिंधूच्या खालच्या अंगाला. तिथे गावापासून पुढे, नदीकाठच्या ओसाड माळावर सेकमोल या संस्थेचा परिसर आहे. लेहपासून अठराएक किलोमीटर. १९८८ साली काही लडाखी महाविद्यालयीन तरुणांनी ही संस्था काढली. अभियंते सोनम वांगचुक त्यांच्यापैकी एक. दहावीत नापास झालेली मुले इथे येऊन राहतात, शिकतात आणि परिसराचा कारभारही बराचसा स्वतःच चालवतात. इथली मोठी इमारत धुमसाने चोपलेल्या मातीच्या भिंतींची आहे. २०१६ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरी मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार तिला मिळाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा वारा असा होता की गाडीचे दार उघडवेना. इमारतीच्या दक्षिण अंगाला जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा छपरापासून जमिनीपर्यंत ताणलेला होता आणि त्याच्याआड, भिंतीला लागून, हिरवीगार पालेभाजी. हिवाळ्यात हा पडदा लावतात. उन्हाळ्यात गुंडाळून ठेवतात, म्हणजे इमारत तापत नाही. त्या काचघरासारख्या पट्ट्यात तापलेली हवा मागच्या खोल्यांत जाते. आत कुठेही शेगडी नव्हती, बुखारी नव्हती. मी कानटोपी काढली. थोड्या वेळाने मफलरही काढला. एक मुलगा वाकून वाफ्यातली पाने खुडत होता. बटाटा, गाजर आणि सलगम यांच्या साठ्यावर हिवाळा काढणाऱ्या या मुलखात आम्हा कंदमूळ न खाणाऱ्यांची पाचही दिवस घरच्या खाखऱ्यांवर भिस्त होती. तिथे मात्र ताटात मार्चमध्ये ताजी पालेभाजी आली. स्वयंपाकघराबाहेर आरशांच्या मोठ्या परातीसारख्या सूर्यचुली होत्या.

या इमारतीचे रहस्य विचारले, तर त्या मुलाने हातांनी दाखवले: ऊन येऊ द्या, भिंतीत भरा, आणि मग जाऊ देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी मला शे येथे कळल्या होत्या. तिसरी इथे कळली. छपरात आणि भिंतींच्या पोकळीत भुसा, पेंढा असला टाकाऊ माल भरलेला असतो. या मालात अडकून राहिलेली हवाच उष्णतेला थोपवते. विटा-मातीच्या मानाने सुक्या भुशातून उष्णता दहापटीने सावकाश जाते. दुहेरी काचेचेही तसेच. एकेरी काचेतून जितकी ऊब निसटते, त्याच्या जवळपास निम्मीच तिच्यातून निसटते. जाड माती ही तिजोरी, आणि भुसा तिच्यावरचे कुलूप. जुन्या लडाखी घरांना हे ठाऊक होते. मातीच्या जाड भिंती, पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या आणि माती, आणि सगळ्यांत वर हिवाळ्यासाठी रचलेला चारा. आपण सिमेंट आणि पत्रा घेऊन गेलो आणि त्याला प्रगती म्हटले.

त्या रात्री लेहच्या खोलीत कागद घेऊन बसलो. लेह चौतीस अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेबत्तीस अंश वर असतो, जूनमध्ये ऐंशीच्या जवळ. म्हणजे दक्षिणेच्या उभ्या काचेतून हिवाळ्याचे ऊन खोलीत खोलवर शिरते आणि उन्हाळ्याचे ऊन छपराच्या लहानशा पुढाव्यानेच अडते. निसर्गाने स्वतःच व्याजदर आपल्या बाजूने लावला आहे. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस लडाखात ऊन असते. दहा चौरस मीटर काचेतून हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवसाच्या ऐन दुपारी चार-पाच किलोवॅट उष्णता आत येऊ शकते. एक लिटर रॉकेल जळून साधारण दहा युनिट उष्णता निघते. दिवसाची बेरीज केली तर तेवढी काच तीन-चार लिटर रॉकेलचे काम करते, तेही धूर न करता. अट एकच: रात्री काचेवर जाड पडदा ओढला पाहिजे, नाहीतर आलेले सगळे त्याच वाटेने परत जाते.

मुलांचा स्वतःचा हिशेबही मी मांडला. शांत बसलेले मूल साठ-सत्तर वॅट उष्णता देते. तीस मुले म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर, तोही न विझणारा. ही गंमत नव्हे. इंग्लंडमध्ये वॉलसी गावी १९६१ साली एम्स्ली मॉर्गन या वास्तुविशारदाने एक शाळा बांधली. तिची दक्षिणेकडची बाजू दुहेरी काचेची भिंत आहे, आणि ऊन, दिवे व मुलांच्या अंगची ऊब एवढ्यावर ती उबदार राहावी अशी योजना होती. तिथे वर्गातल्या कोंदट हवेची तक्रारही झाली, हेही सांगायला हवे. ऊब राखायची म्हणून हवा कोंडायची हा सौदा वाईट. मुलांना ताजी हवा लागतेच; फक्त ती उन्हात तापलेल्या बाजूने आत यावी, उत्तरेच्या फटीतून नव्हे.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या मुख्याध्यापकांकडे गेलो. लेहमधला एक स्थानिक अभियंता बरोबर होता. शाळा पाडून नवी बांधण्याचा प्रश्नच नव्हता. अभियंता इमारतीभोवती दोनदा फिरला आणि दक्षिणेच्या त्या निरुपयोगी व्हरांड्यापाशी थांबला. “हाच तुमचा हीटर,” तो म्हणाला. व्हरांड्याच्या बाहेरच्या अंगाला काच किंवा जाड प्लास्टिक लावायचे. व्हरांडा आणि वर्ग यांमधल्या भिंतीला खाली आणि वर झडपा ठेवायच्या. गरम हवा वरून वर्गात येईल, थंड हवा खालून व्हरांड्यात जाईल. रात्री झडपा बंद. पत्र्याखाली फळ्यांचे छत करून त्यावर भुसा, मात्र मातीत कालवून आणि वाळवून, कारण कोरड्या भुशाला आगीचे आणि उंदरांचे भय. उत्तरेच्या खिडक्या लहान करायच्या, दुहेरी काच लावायची, दारांच्या फटींना नमदा. एका वर्गासाठी त्याने सांगितलेला आकडा आमच्या दोन हीटरांच्या किमतीहून जास्त होता. त्यावर दरसालचा चारा मात्र काही नव्हता.

खरी परीक्षा गावी परतल्यावर झाली. बैठकीत मी सगळे सांगितले, कोठीतल्या हीटरांचे छायाचित्रही दाखवले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका, कापडाचा मोठा व्यापार असलेले, म्हणाले, “साहेब, तुमचे पटते. पण भुसा छतात जाणार, माती भिंतीत जाणार. देणाऱ्याचे नाव कुठे घालणार?” कोणी हसले नाही, आणि हसण्यासारखे काही नव्हतेही. दान मागायला जो दारोदार गेला आहे त्याला ठाऊक असते की, निम्मी रक्कम पाटीमुळे येते. एकाने सुचवले, हीटरच द्या आणि पाच वर्षांच्या रॉकेलची ठेवही करून ठेवा. त्याचा हिशेब मी तिथेच मांडून दाखवला. तीन वर्षांचे रॉकेल झाले की त्या पैशांत वर्ग होत होता. दुसरे म्हणाले, आपल्याच जिल्ह्यातल्या शाळांचे पत्रे एप्रिल-मेमध्ये तापून मुले भाजून निघतात, तिथे का नाही? हा प्रश्न रास्त आहे. पत्र्याखालचा तोच भुसा तिथे उष्णता आत येऊ देणार नाही. त्याचा प्रस्ताव आता निराळा तयार होतो आहे.

शेवटी वाद काकांच्या सूनबाईंनी मिटवला. त्या शिक्षिका आहेत, बैठकीला चहा घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाबा, तुमच्या नावाची पट्टी चार वर्षे कोठीत अंधारात आहे. तिथे ती वाचते कोण?” काकांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि वहीत आपल्या नावापुढचा आकडा दुप्पट केला. पाटीचा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. सर्वांनी मात्र खोडला नाही. दोघांनी रक्कम परत मागितली आणि ती आम्ही दिली. त्यामुळे दोन शाळांऐवजी सध्या एकाच शाळेचे दोन वर्ग, एवढेच काम हाती घेता आले.

शिक्षण खात्याची परवानगी यायला जुलै उजाडला. काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाले. मजूर गावातलेच, भुसा लेहच्या लाकूड कापण्याच्या गिरणीतून ट्रकने आणला, त्याची किंमत नाममात्र, भाडे तेवढे पडले. मी दोन साधे तापमापक पाठवले. एक नव्या वर्गात, एक जुन्यात. नोव्हेंबरपासून मुख्याध्यापक रोज सकाळी पहिल्या तासाला दोन्ही आकडे फोनवर पाठवतात आणि मी ते एका जुन्या हिशेबवहीत दोन रकान्यांत उतरवतो. हे काम मी सकाळच्या चहाआधी करतो. सौभाग्यवती म्हणतात, निवृत्तीनंतर इतक्या नियमाने मी दुसरे काही केलेले नाही. काही दिवस ढगाळ निघतात, तेव्हा दोन रकान्यांतले अंतर कमी होते. एका आठवड्यात कोणीतरी रात्री झडपा बंद करायला विसरत होते, तेही आकड्यांवरून कळले. पण बहुतेक सकाळी जुना वर्ग गोठणबिंदूच्या आगेमागे असतो आणि नव्यात मुले हातमोजे काढून लिहितात. तीन वर्ग आता अंगणात बसत नाहीत. दोन बसतात, आणि तेही आळीपाळीने, कारण नव्या वर्गात बसण्याची पाळी सगळ्यांनाच हवी असते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारले की, कोठीतल्या त्या सहा हीटरांचे काय केले? ते म्हणाले, एक गावच्या आरोग्य उपकेंद्राला हवा आहे, पण देता येत नाही. नोंदवहीतून निर्लेखन करायचे तर वरून मंजुरी लागते. अर्ज केला आहे.